बंद लूमची सुटी

१

शुक्रवारी आमच्या कारखान्यातले सोळाच्या सोळा लूम बंद असतात, आणि माझे कान किती गेलेत ते मला शुक्रवारीच कळतं. बाकीचे सहा दिवस तिथे सगळेच बहिरे. लूम चालू असताना शेजारच्याने कानात बोंब मारली तरी उपयोग नाही, म्हणून आम्ही हातांनी बोलतो. धागा तुटला, सुताची कांडी संपली, चहा आला, मालकीण तापली आहे, जरा जपून. सगळ्याला खुणा आहेत. शेवटची खूण आमच्या कामगाराने, रामनाथने शोधून काढली. ती मला कळत नाही असं तो बावीस वर्षं समजून चालला आहे.

मालकीण म्हणजे मी, नसीबा. आमचे हे, गुलाम हुसेन, माणूस सोन्यासारखा, पण धंद्यात कच्चा आणि चुलीपुढे पक्का. म्हणून कारखाना मी बघते आणि शुक्रवारची बिर्याणी ते. लोकांना हे उलटं वाटतं. एकदा जेवून गेले की कोणाला काही वाटत नाही.

नात अक्सा अकरा वर्षांची, जन्मापासून कानाने अधू. शाळेत ती शेवटच्या बाकावर गप्प बसायची. नेत्रा टीचर हेच सांगायला एकदा कारखान्यात आल्या. त्या वेळी अक्सा रामनाथशी पतंगावरून हातांनी कचाकचा भांडत होती. टीचर दारातच थांबल्या.

"चाची, ही पोर बोलते की! आमालाच ऐकू येत न्हाय!"

नेत्रा जवळच्याच शेलार नावाच्या गावची, इतिहास शिकवते. शाळेत चांगलं शुद्ध बोलते, आनंद झाला की गाव बाहेर पडतं. संमेलनाला तिला नाटक बसवायचं होतं, अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं. तिकडे माणसं विकत घ्यायचे, म्हणाली, आणि जन्मभर त्यांच्याकडून कापूस वेचून घ्यायचे. त्यावरून देशाचे दोन तुकडे व्हायची वेळ आली. चार वर्षं भावाने भावाला मारलं.

कापूस म्हटल्यावर मी कान टवकारले, उरलेत तेवढे.

"तिकडचा कापूस अडला ना चाची, तवा आपल्याकडचा सोन्याच्या भावानं बोटीत चढला. मुंबईत पैसा धो धो आला."

"म्हणजे घर त्यांचं पेटलं आणि भाकऱ्या आपण भाजल्या," मी म्हटलं. तिने ते लगेच वहीत लिहून घेतलं.

नाटकात मोठी माणसं कोणीच नव्हती, एक शेत आणि त्यात राबणारे गुलाम. मुकादमाच्या पाठीमागे ते हातांनी बोलतात. शेवटी एक मुलगी खोक्यावर चढते आणि साऱ्या शेताला खुणेने सांगते की तुम्ही सुटलात. ती मुलगी अक्सा. खुणा आमच्या कारखान्याच्या. शाळेच्या हॉलची फरशी उखडलेली, म्हणून तालीमही आमच्याकडेच, दर शुक्रवारी दुपारी. मी हो म्हटलं, पण एक अट घातली: शेवटची खूण तालमीत करायची नाही.

ती सुटीची खूण. पाळी संपली की मालकाने समोर उभं राहायचं, दोन्ही हात डोक्यावर उचलायचे आणि तोंडावरून खाली आणायचे, दुआ संपल्यावर फिरवतो तसे. म्हणजे झालं, तोंड धुवा, घरी जा. ही खूण फक्त मालकाची. कामगाराने केली तर कोणी लूम थांबवायला हँडल ओढत नाही. आणि बंद लूमसमोर तर ती कोणीच करायची नाही, कारण बंद लूमला दिलेली सुटी कायमची सुटी, असं सासरे सांगायचे. आमच्या गल्लीतले चार कारखाने दोन वर्षांत भंगारात गेले. सुताचे भाव का चढतात ते मला कळतं, मी अडाणी नाही. पण आमच्याशिवाय सहा घरांच्या चुली या सोळा लूमवर पेटतात. विषाची परीक्षा कोण घेणार?

२

पहिल्या शुक्रवारी नुसता धुमाकूळ होता. कापड घडी करायच्या जागेत वीस मुलं. मुकादम झालेल्या जाड्या पोराला कापडाच्या किनारीचा चाबूक दिला होता. तो कोणावर उगारला की त्यालाच हसू फुटायचं, आणि मग गुलामही हसायचे. बाहेर आमच्या ह्यांचं भांडं चुलीवर चढलेलं. कांद्याचा वास आत आला की सगळं शेत त्या बाजूला बघायचं.

"लक्ष इकडं!" नेत्रा ओरडायची. "तुमी उपाशी हाव! गुलाम हाव!"

"गुलाम मी आहे," आमचे हे दारातून म्हणायचे, "आणि मी बिलकुल उपाशी नाही."

तीनच्या सुमाराला माझी नजर सहज लूमकडे गेली. पाच आणि सहा नंबरच्या मधून एक हात वर आला होता. पंजा दोनदा उलटासुलटा झाला. सुटी झाली का?

मी विचारही केला नाही. चाळीस वर्षांची सवय. तळवा खाली दाबला: अजून नाही, थांब. हात खाली गेला. कोणीतरी पोर भुकेलं असेल, असं म्हणून मी विसरून गेले.

दुसऱ्या शुक्रवारी तीनला तोच हात. सुटी झाली का? मला रागच आला, काय हा अधाशीपणा. मी तळवा जोरात दाबला: थांब म्हटलं ना!

हात खाली गेला आणि माझ्या एकेक ध्यानात यायला लागलं. तो हात कोपरापर्यंत रुईने माखून पांढरा झाला होता. कारखाना तर आम्ही गुरुवारी संध्याकाळी झाडून काढतो, आणि पोरं आंघोळ करून आलेली. दुसरं म्हणजे सगळी मुलं त्या वेळी माझ्या पुढ्यात जमिनीवर झोपली होती. प्रवेश रात्रीचा होता.

बाहेरून आमच्या ह्यांनी हाक मारली की तयार आहे. झोपलेलं शेत एकदम उठून पळालं. त्या गडबडीत मी एकटीच लूमकडे बघत उभी राहिले.

३

मुलं जेवत होती तेव्हा मी जाऊन पाहिलं. गेल्या वर्षी सोळावा लूम बसवायला बाकीचे सरकवले, तेव्हापासून पाच आणि सहाच्या मध्ये वीतभर फट आहे. मी हात घातला. खांद्याशी अडकला. मागे भिंत. म्हणजे मांजर उभं राहील, माणूस नाही.

मग आपला मोतीबिंदू. डॉक्टर दोन वर्षं मागे लागलेत, ऑपरेशन करा म्हणून. पिकलेल्या डोळ्यांना काय वाट्टेल ते दिसतं. मी स्वतःला पटवलं आणि खरंच बरं वाटलं.

तेवढ्यात अक्साने माझी ओढणी ओढली. तिचे हात बोलले: दादी, तू कोणाला थांब म्हणत होतीस?

माशी होती, मी सांगितलं.

माशीला थांब म्हणतात? तिने विचारलं, आणि हसत पळाली.

शनिवारी लूम सुरू झाले. चहाच्या वेळेला मी रामनाथला अंगणात घेतलं. रामनाथ आमचा सगळ्यात जुना कामगार, शुक्रवारी सकाळी एकटाच येऊन तेलपाणी करतो. मी विचारलं, पाच आणि सहाच्या मध्ये तुला कधी काही...

"पूछता है," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"मैं आया तब से." त्याने चहात फुंकर घातली. "पहले मैं भी डर गया था. फिर आदत हो गई."

"आणि तू काय सांगतोस?"

"हम क्या बोलेंगे, मालकीण? छुट्टी देना मालिक का काम है. हम नजर नीची कर लेते हैं." त्याने दोन घोट घेतले. "पहले जुम्मे को इधर कोई मालिक आता ही नहीं था. पूछता था, कोई जवाब नहीं. अब जवाब मिलता है. आप बोलती हो, अभी नहीं."

"मग?"

"मग काय, मालकीण. अब उसको लगता है, कभी तो हां बोलेगी."

मला त्या माणसाचा इतका राग आला! बावीस वर्षांत एकदा सांगता आलं नाही? पण राग त्याचा नव्हता. मी तळवा किती जोरात दाबला होता ते मला आठवत होतं, आणि लाज वाटत होती.

४

तालमी बंद करायच्या असं ठरवून मी शाळेत गेले. दुसऱ्यांची मुलं आहेत, उद्या काही झालं तर? नेत्रा वर्गात होती. मी खिडकीतून पाहिलं. फळ्याकडे तिची पाठ वळली की सगळा वर्ग हातांनी बडबडत होता. आमच्या खुणा! मालकीण तापली आहे ही खूणसुद्धा, टीचरला लावून. आणि मध्ये आमची अक्सा, तिसऱ्या बाकावर, सगळ्यांच्या चुका सुधारत होती. हसताना तिचा पडलेला दात दिसत होता. शाळेच्या खिडकीतून मी तिला कधी हसताना पाहिलं नव्हतं. मी तशीच परत आले.

तिसऱ्या शुक्रवारी नेत्राने माझी पाठ धरली. "चाची, शेवटची खूण तिला एकदा तरी करून बघू द्या ना. एकदम शेकडो मान्सांपुढं करायची म्हंजे पोर घाबरंल."

"नाही म्हणजे नाही."

मग मुलं धापा टाकत बसली होती, तेव्हा तिने त्यांना एक गोष्ट सांगितली. सरकारने गुलामांना मोकळं केल्याचा हुकूम काढला, पण टेक्सास म्हणून लांबचा मुलूख होता, तिथे ती बातमी पोचून लोक सुटायला अडीच वर्षं लागली. फौज आली तेव्हा कुठे त्यांना कळलं. तोवर ते राबतच होते.

"कोणीच सांगितलं नाही?" मुकादम झालेल्या पोराने विचारलं. या वेळी तो हसत नव्हता.

"मालकांना ठावूक व्हतं. पण शेतात कापूस उभा व्हता ना. मग कोन सांगतंय?"

तीन वाजले होते. पाच आणि सहाच्या मधून हात वर आला. दोन आणि तीनच्या मधूनही आला. तिकडे भिंतीजवळ, चौदाच्या पलीकडे, अजून एक. मी रामनाथसारखी नजर खाली केली. नजर खाली करणं सोपं असतं असं मला वाटायचं. मान दुखायला लागेपर्यंत मी फरशीकडे बघत होते, आणि ते हात अजून वर आहेत हे मला न बघता कळत होतं.

मी बिर्याणीचं ताट अर्ध्यात बाजूला सारलं. आमच्या ह्यांना वाटलं मीठ जास्त झालं. तीनदा विचारल्यावर मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं हे हसतील. हसले नाहीत. कडेची खरपूड चमच्याने खरवडत राहिले.

"सुटीच मागतोय ना? लूम तर मागत नाही. मग देऊन टाक."

"आणि कारखाना बंद पडला तर? सहा घरं आहेत."

"तर सातही घरं मिळून बिर्याणीचा धंदा काढू. रामनाथ कांदा चांगला कापतो." मग ते गंभीर झाले. "नसीबा, तुला भीती कारखान्याची वाटते की त्यांची?"

"दोन्हींची," मी म्हटलं. खरं तेच होतं.

५

संमेलनाआधीच्या शेवटच्या शुक्रवारी रंगीत तालीम ठरली. मुलांचे कपडे आमच्याच लूमच्या कोऱ्या कापडाचे, चहाच्या पाण्यात बुडवून मळके केलेले. आया आल्या, दोनचार बाप आले. भिंतीला भिंत लागून ज्याचा कारखाना आहे तो सुफियान शेठही आला, नाटक बघायला की वासावर, देवाला माहीत.

"मालकीणबाई, लूम सोडून नाटक कंपनी काढली का?"

"तुम्हाला मुकादमाचं काम देते, शेठ. तालमीची गरज नाही." सगळे हसले, तोही हसला.

नाटक सुरू झालं. चाबूक उगारला गेला आणि पहिल्यांदाच कोणी हसलं नाही. झोपडीतली रात्र झाली. अक्सा धावत आली, खोक्यावर चढली आणि थांबली. इथे आम्ही नेहमी थांबायचो. तिने माझ्याकडे पाहिलं. शेत तिच्यासमोर, आणि शेताच्या मागे लूम.

तीन वाजले होते. मी वर पाहिलं.

प्रत्येक फटीतून हात वर आले होते. जिथे माणूस सोडा, सुपारी मावणार नाही तिथूनही. पांढरे हात, मोठे, वाळलेले, एकाच्या मनगटाला काळा दोरा, एकाला बांगडीचा उरलेला अर्धा तुकडा. सगळे पंजे एकदम उलटले आणि सुलटे झाले. इतके हात हलले आणि कसलाही आवाज झाला नाही. आया मुलांकडे बघत होत्या. रामनाथ दाराशी फरशीकडे बघत होता.

कर, मी अक्साला खूण केली.

तिचे हात वर गेले आणि तोंडावरून खाली आले. काय सुंदर केलं पोरीने! शेत उठलं, नाचायला लागलं, एक आई रडायला लागली. पण ते मागचे हात खाली गेले नाहीत. ते वरच होते, आता स्थिर, तळवे माझ्याकडे. बरोबरच होतं. अक्सा मालक नव्हती.

सासरे आठवले, सहा चुली आठवल्या, भंगाराच्या टेम्पोत चढणारे लूम आठवले. मग मला वाटलं, टेक्सासमधला तो कोणी मालक, त्यालाही असंच सगळं आठवलं असेल. प्रत्येक वेळी.

मी दोन्ही हात उचलले आणि तोंडावरून खाली आणले.

माझे तळवे हनुवटीपर्यंत आले तेव्हा त्यांचेही खाली जात होते. हात जसे खाली सरकत होते तसं त्यांच्या मागे काहीतरी पुसलं जात होतं. तोंडं असतील. मी बघितली नाहीत, बघवलं नाही. एक हात मात्र राहिला. पाच आणि सहाच्या मधला नव्हे, त्याच्या शेजारचा, फार छोटा. त्याला खूण नीट येत नव्हती. वर करावा की खाली आणावा असं त्याचं चाललं होतं. मी पुन्हा एकदा करून दाखवली, हळूहळू, अक्साला लहानपणी शिकवली होती तशी. मग तोही खाली गेला.

आणि मी, जिला दाराची बेल ऐकू येत नाही, ती मी अंगणातल्या मोरीचा नळ ऐकला. पाणी पडलं. डबडं आपटलं. पुन्हा पाणी पडलं, पुन्हा डबडं. कोणीतरी तोंड धुऊन खळखळून चूळ भरली.

"चाची, रडताव कशाला?" नेत्राने मला मिठी मारली. "झक्कास झालं!"

"झक्कास झालं," मी म्हटलं, आणि त्या दिवशी दोन ताटं बिर्याणी खाल्ली.

६

शनिवारी सकाळी छातीवर हात ठेवून मी बटण दाबलं. सोळाच्या सोळा लूम सुरू झाले. दिवसभर एक धागा तुटला नाही. असं आमच्याकडे कधी होत नाही.

आमचे हे मात्र अंगणात तणतणत होते. शुक्रवारी सकाळी टँकरने भरलेली दोन हजार लिटरची टाकी कोरडी ठणठणीत. "वीस पोरांनी हात धुतले तर टाकी संपते का? कोण किती तोंडं धुऊन गेलं?" मोरीही तुंबली होती. रामनाथने तार घालून बादलीभर रुई काढली, ओली, पांढरी. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावरून हात फिरवला. मी त्याला चहाला सुटी दिली.

संमेलनाला शाळेचं पटांगण भरलं होतं. निम्मे लोक लूमवाले, पाळी सोडून आलेले. अक्सा खोक्यावर चढली आणि तिने खूण केली. कोणी टाळी वाजवली नाही. सगळे लूमवाले उभे राहिले, हात डोक्यावर नेले आणि शेकडो माणसांनी आपली तोंडं पुसली. अक्साने एवढ्या लोकांशी आयुष्यात पहिल्यांदा गप्पा मारल्या. ती खोक्यावरून उतरायलाच तयार नव्हती. आमचे हे इतके जोरात रडले म्हणे, की पुढच्या रांगेने मागे वळून पाहिलं. मला अर्थातच ऐकू आलं नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी तालीम नव्हती. तरी मी तीनला कारखान्यात चहा घेऊन बसले. पाच आणि सहाच्या मध्ये फट होती, वीतभर, बाकी काही नाही. इतकं निवांत वाटलं. घर आवरून पाहुणे गेल्यासारखं.

मग नजर वर गेली. आमच्या आणि सुफियान शेठच्या कारखान्यामधल्या भिंतीला हवेसाठी जाळी आहे. जाळीच्या भोकांतून पांढरी बोटं बाहेर आली होती. पंजा बाहेर यायला जागा नव्हती, म्हणून नुसती बोटंच वळली आणि उलगडली. सुटी झाली का?

माझा हात सवयीने उठला, थांब म्हणायला, आणि अर्ध्यावर राहिला. ती माझी माणसं नव्हती. त्यांना सुटी देणं माझ्या हातात नव्हतं. पण नजर खाली करायची नाही एवढं मी शिकले होते. मी चहाची खूण केली. येतोय, निघालाय.

कप तिथेच ठेवून मी शेजारी गेले. "शेठ, पुढच्या शुक्रवारी बिर्याणी तुमच्या कारखान्यात. भांडं आम्ही आणू, तुम्ही फक्त तीन वाजता लूमसमोर उभे राहा."

"कशाबद्दल?"

"एक निरोप राहिलाय पोचवायचा."

त्याच्या डोक्यावरून मला त्याच्या कारखान्याची पलीकडची भिंत दिसत होती. तिलाही जाळी होती, आणि त्या जाळीतून पुढच्या कारखान्याची जाळी दिसत होती. गल्ली अशी टेमघरच्या रस्त्यापर्यंत जाते. उन्हात सगळ्या जाळ्यांवर काहीतरी पांढरं हलत होतं.

मी घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं, लग्नातलं मोठं भांडं काढा.